कहूच्या डोहावरचा गोटा

नदीच्या उतारावर एकाखाली एक असे सिमेंटचे खांब रोवलेले असतात आणि त्यांवर मीटर-सेंटीमीटरच्या काळ्या-पांढऱ्या खुणा असतात. पाणी कोणत्या खुणेला टेकलं आहे ते पाहायचं, वहीत लिहायचं आणि वर कळवायचं, एवढ्या कामासाठी सरकारनं मला बत्तीस वर्षं ठेवून घेतलं. एरवी सकाळी आठला, पावसाळ्यात दर तासाला. माझ्या हुद्द्याचं नाव इतकं लांब होतं की ते पूर्ण उच्चारेपर्यंत पाणी दोन सेंटीमीटर चढलेलं असायचं. गावानं ते छोटं केलं. मी पट्टीबाबू झालो आणि निवृत्त होऊनही तोच राहिलो.

दोन नोंदींच्या मधला वेळ माझा असायचा. त्या वेळात मी तालुक्याच्या वाचनालयातली तीन कपाटं संपवली. वाचायची सवय घरातली. छप्पन साली वडिलांनी दीक्षा घेतली, देव्हाऱ्यातले देव याच नदीत सोडले आणि रिकाम्या कोनाड्यात पुस्तकं ठेवली. त्यामुळे देवाधर्माच्या गोष्टींकडे आणि तितक्याच सरकारी समारंभांकडे मी जरा लांबूनच पाहत आलो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते समारंभातच झालं आणि तेव्हा मी लांब नव्हतो.

पाणी मोजायच्या आमच्या ठाण्यापासून वर चालत अर्ध्या तासावर जंगल नदीपर्यंत उतरतं. तिथे नदी एका सपाट काळ्या खडकाला वळसा घालते आणि त्या वळणात डोह आहे. काठाला कहूची झाडं आहेत, पुस्तकात ज्यांना अर्जुन म्हणतात ती. म्हणून कहूचा डोह. अलीकडच्या बाजूला पांढऱ्या वाळूचा असा पट्टा की समुद्र न पाहिलेल्याला हाच समुद्र वाटावा. पावसाळ्यात पाणी चहासारखं असतं. दिवाळीनंतर गाळ बसतो आणि मग होळीपर्यंत दोन पुरुष खोलीवरचा खडा न् खडा दिसतो.

हा डोह पलीकडच्या टोल्यावरच्या, म्हणजे छोट्या वस्तीतल्या, ढिवरांचा. सातबाऱ्यावर नव्हे. ते तिथे पिढ्यान् पिढ्या मासे धरतात म्हणून. त्यांची तिथली एक रीत आहे. पाण्यात उतरणाऱ्यानं काठावरून एक गोटा उचलायचा आणि त्या काळ्या खडकावर ठेवायचा. बाहेर आल्यावर आपला गोटा आपण उचलायचा आणि वाळूत फेकून द्यायचा. खडकावर गोटा असेपर्यंत काठावर कोणीतरी एकानं बसून राहायचं, पाण्याकडे पाहत. दुसऱ्याचा गोटा उचलायचा नाही. तो उचलायची वेळ एकदाच येते, माणूस बाहेर काढून वाळूवर निजवल्यानंतर, आणि तो घरच्यांनीच उचलायचा.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी सुकरूभाऊंना विचारलं होतं की हा कोणत्या देवाचा नवस. सुकरूभाऊ टोल्यावरचे, माझ्याहून चार वर्षांनी मोठे. पुराच्या दिवसांत आमची मोजमापाची नाव तेच धरायचे. ते म्हणाले, "देव कायचा जी. पाण्यात किती हायेत ते समजाले पायजे ना. तुमी नाई का पट्टी पाहत?"

त्या दिवसापासून मी डोहाला कधी हात जोडले नाहीत, पण गोटा ठेवल्याशिवाय पायही भिजवला नाही.

या डोहावर बाहेरची माणसं यायला लागली ती एका बाईंमुळे. ऊर्जानगरच्या वसाहतीत राहणाऱ्या, वीज केंद्राच्या प्रयोगशाळेत पाणी तपासणाऱ्या मेश्राम मॅडम. त्या एका डिसेंबरात स्कूटरवर आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत काचेचा मोठा चष्मा आणि वाकडी नळी होती. डोळे-नाक झाकणारा चष्मा लावायचा, नळीचं एक टोक तोंडात धरायचं, दुसरं पाण्याच्या वर ठेवायचं आणि पालथं पडून तरंगायचं. ही नळी बुडी मारायची नव्हे, बघायची वस्तू आहे. पाय आपटायचे नाहीत, कारण गाळ उठला की सगळ्यांचंच दिसणं बंद. तळाला उभं राहायचं नाही. आणि एकट्यानं कधीच नाही. हे सगळं मॅडमनी आम्हाला समजावलं. त्याआधी त्यांनी टोल्यावर जाऊन, उतरलं तर चालेल का, हे विचारलं होतं. नंतर आलेल्या शेकडो माणसांत असं विचारणारी माझ्या दोन हातांच्या बोटांवर मावतील.

त्यांनी चष्मा सुकरूभाऊंनाही दिला. चाळीस वर्षं त्यांनी तो डोह हातापायांनी चाचपून पाठ केलेला. कुठे कपार आहे, कुठे कहूची मुळं पाण्यात उतरली आहेत, मरळ कुठे बसते. बराच वेळ ते पालथे तरंगत राहिले. बाहेर येऊन गोटा उचलला आणि फेकला. आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडे बघतोय हे लक्षात आल्यावर म्हणाले, "हे तं मले मालूमच होतं. फक्त दिसून नवतं राह्यलं."

मग बातमी पसरली. सुकरूभाऊ आणि त्यांची बायको फुलाबाई लोकांना डोह दाखवायला लागले. मी निवृत्त झालो होतो आणि घरात बसवत नव्हतं, म्हणून तिथे जाऊन बसू लागलो. माझ्याकडे पाण्याचं खातं आलं. वरून वाळकी पानं आणि फेस ओळीनं यायला लागला की वर कुठेतरी पाऊस झाला आहे आणि आता सगळ्यांनी बाहेर यायचं. आभाळ निळंभोर असलं तरी. फेब्रुवारीत वाळूवर नदीतले पक्षी उघड्यावर अंडी घालतात, वाळूच्याच रंगाची. तिकडे कोणाला जाऊ द्यायचं नाही. आणि चारनंतर कोणालाही थांबू द्यायचं नाही, कारण चारनंतर त्या वाळूवर पाणी प्यायला जो येतो त्याला आम्ही काही विचारत नाही.

गिऱ्हाइकं एकेक तऱ्हेची. गडचांदूरहून सिमेंटवाल्यांची एक टोळी आली, गाडीएवढा स्पीकर घेऊन. अंगाला उन्हाचं मलम फासून उतरायला निघाले. फुलाबाईंनी सांगितलं, हे पाण्यावर तेलासारखं पसरते, वाळूनं घासून काढा. त्यातला एकजण तापला. नदी काय तुमच्या बापाची आहे का, सरकारची आहे, म्हणाला. सुकरूभाऊ शांतपणे म्हणाले, "सरकारचीच हाये जी. बुडाले तं सरकारलेच हाक मारा." मंडळींनी मलम घासून काढलं. गोटेही ठेवले.

सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रातले एक निवृत्त साहेब आले. त्यांना पोहता यायचं, पण पाण्यात तोंड घालवेना. दोन दिवस ते कमरेएवढ्या पाण्यात चष्मा लावून ताठ उभे राहिले, बस थांब्यावर उभे असल्यासारखे. तिसऱ्या दिवशी एकदाचं तोंड घातलं आणि मग बाहेर यायला तयार होईनात. तास झाला, दीड तास झाला. सुकरूभाऊंची जेवणाची वेळ टळून गेली. मी म्हटलं, समोर दिसताहेत ना, तुम्ही दोन घास खाऊन घ्या. तर म्हणाले, "गोटा हाये ना." एवढंच. साहेब निळे पडून बाहेर आले, गोटा उचलला, तेव्हा सुकरूभाऊ उठले.

इथे माझे मजेदार अनुभव संपतात.

अशी एखादी जागा आपोआप नीट चालते आहे हे कळलं की ती नीट चालवण्यासाठी समिती नेमली जाते. आमच्या डोहाचीही नेमली गेली. समितीत मी तज्ज्ञ सल्लागार होतो. मी हसलो होतो त्या नावाला, पण नियुक्तीचं पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलं, हेही खरं. नारिंगी जाकिटं आली, फलक आले. पुढच्या फेब्रुवारीत लोकार्पण ठरलं. जो डोह लोकांचाच होता तो लोकांना अर्पण करण्यासाठी प्रमुख पाहुणे यायचे होते. माझा सत्कारही व्हायचा होता. ठाण्यावरची बत्तीस वर्षं आणि समितीतले पाच महिने मिळून एक शाल.

त्या दिवशी सकाळपासून वारं होतं. मंडपवाला पाहुण्यांसाठी लाल गालिचा घेऊन आला होता, तो वाळूवरून थेट काळ्या खडकापर्यंत अंथरायचा होता, पाहुण्यांचा पाय घसरू नये म्हणून. ओल्या खडकावर ओला गालिचा किती घसरतो हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, वरून आदेश आहे. मी बाजूला झालो. वरचे आदेश ऐकण्यात माझीही बत्तीस वर्षं गेली होती.

पाण्यात चारजण होते. टोल्यावरचे तिघे तरुण पिवळ्या डब्यांची ओळ दोरीनं बांधत होते, पोहणाऱ्यांनी त्यापलीकडे जाऊ नये म्हणून. चौथे सुकरूभाऊ. कहूच्या मुळांत कोणाचं तरी जुनं नायलॉनचं जाळं अडकलं होतं. पाहुण्यांना ते दिसलं तर बरं दिसणार नाही, असं आदल्या दिवशी बैठकीत ठरलं होतं. ते कापायला सुकरूभाऊ विळा घेऊन उतरले. बुडी मारायची म्हणून जाकीट काढून ठेवलं. जाकीट घालून कोणाला बुडी मारता येत नाही. खडकावर चार गोटे होते. काठावर फुलाबाई बसल्या होत्या.

समितीच्या एका माणसानं येऊन सांगितलं की ओवाळायला बायका कमी पडताहेत, फुलाबाईंना पाठवा. त्या उठेनात. मी म्हटलं, "जा तुम्ही. मी बसतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नंतर खडकाकडे. "बसता ना जी?"

"बसतो ना. पाण्याकडेच तर बघत आलोय जन्मभर."

त्या गेल्या. मी बसलो. सुकरूभाऊ दोनदा वर आले. दुसऱ्यांदा मला पाहून म्हणाले की जाळं मोठं लांब आहे, वेळ लागेल. पुन्हा खाली गेले.

तेवढ्यात वरच्या रस्त्यावर गाड्यांचे भोंगे वाजले. तिघे तरुण घाईनं पाण्यातून निघाले. त्यांना समितीचे नवे टी-शर्ट घालून रांगेत उभं राहायचं होतं. ते पळत वर गेले, गोटे न उचलता. टोल्यावरच्या पोरांनी असं पूर्वी कधी केलं नसतं. पण त्या दिवशी आम्ही सगळेच जरा वेगळे झालो होतो. गालिचा वाऱ्यानं फडफडायला लागला. मंडपवाला एक कोपरा पायाखाली दाबून दुसऱ्याकडे हात करत होता आणि ओरडत होता, बाबू, काहीतरी ठेवा ना यावर, पाहुणे आले.

माझ्या पुढ्यात चार गोटे होते. माणसं वर चढताना मी पाहिली होती. सगळे निघाले, गोटे तसेच राहिले, असं मला वाटलं. मी चारही गोटे उचलले आणि गालिच्याच्या कोपऱ्यांवर ठेवले.

मी मोजलं नाही. मोजण्याचा पगार घेतलेला माणूस मी. तीन माणसं चढताना पाहून चार गोटे उचलले.

मला स्टेजकडे बोलावलं गेलं. जाताना फुलाबाई आरतीचं ताट घेऊन बायकांच्या रांगेत उभ्या दिसल्या. तिथून खडक दिसत होता. खडकावर आता फक्त लाल गालिचा होता. त्यांनी विचारलं, "हे निंगाले का जी?"

मी म्हटलं, "निघाले. गोटा नाही तिथे."

त्यांनी पुन्हा खडकाकडे पाहिलं. गोटा नव्हता. टोल्यावरचा कोणीही माणूस त्यावर जो विश्वास ठेवील तो त्यांनी ठेवला. रांगेतून हलल्या नाहीत.

पुढचं मला फार नीट आठवतं. निवेदकानं पाण्यावरच्या चार ओळी म्हटल्या. नारळ फुटला. माझ्या खांद्यांवर शाल आली. पाहुण्यांनी मला नदीचा चालताबोलता ज्ञानकोश म्हटलं, आणि मला ते आवडलं. हे इथे लिहिताना लाज वाटते, म्हणूनच लिहितो. मंडपात बसलेल्यांपैकी कोणाचं तोंड पाण्याकडे नव्हतं. खुर्च्या स्टेजकडे मांडल्या होत्या.

भाषणं संपल्यावर प्रात्यक्षिक होतं. ते मेश्राम मॅडमनी करायचं होतं. त्या गालिच्यावरून खडकापर्यंत गेल्या, सवयीनं वाकून वाळूतला एक गोटा उचलला आणि ठेवायला जागा शोधू लागल्या. गालिच्यावरच ठेवला. चष्मा लावून पाण्यात पालथ्या पडल्या. टाळ्या वाजत होत्या. कहूच्या मुळांजवळच्या उथळापर्यंत गेल्या आणि एकदम उभ्या राहिल्या. त्या तळाला कधी उभ्या राहत नसत. नळी तोंडातून काढून त्या मला म्हणाल्या, ओरडून नव्हे, नेहमीच्याच आवाजात, "बाबू, सुकरूभाऊ खाली आहेत."

टोल्यावरच्या तिघांनी त्यांना बाहेर काढलं. जाळ्यात एक पाय घोट्यापर्यंत गुंतला होता. विळा बाजूलाच कपारीत पडला होता, हात पुरला नसावा. पाणी इतकं स्वच्छ होतं की काठावरून कोणी पाहिलं असतं तर दिसलं असतं. मी रुग्णालयात डॉक्टरांना विचारलं, माणूस बसलेला असता तर वाचले असते का. ते चांगले गृहस्थ होते. म्हणाले, सांगता येत नाही. मी आजही तेच तीन शब्द उलटेपालटे करून पाहतो.

चौकशी झाली. मी सगळं सांगितलं, गोट्यांसकट. लिहून घेणाऱ्यानं विचारलं, गोटे म्हणजे नेमकं काय, अधिकृत सुरक्षा साधन आहे का? मी म्हटलं, नाही. त्यानं तो भाग गाळला. अहवालात असं आलं की मयत इसमानं जाकीट वापरलं नव्हतं. मी तज्ज्ञ सल्लागार म्हणून त्यावर सही करावी अशी अपेक्षा होती. सही केली नाही. त्यानं काही फरक पडला नाही, आणि सही न करणं ही मोठी गोष्ट आहे असं मी स्वतःला अजून सांगू शकलेलो नाही.

अंत्यविधीनंतर गोटा उचलायचा होता. गालिचा गुंडाळून गेला होता आणि चार गोटे तसेच पडले होते, दोन खडकावर आणि दोन वाळूत, जिथे कोपरे होते तिथे. तिघे तरुण आले. प्रत्येकानं आपापला ओळखला, उचलला आणि खाली मान घालून फेकला. एक राहिला. मी फुलाबाईंना म्हटलं, हा. त्या पुढे आल्या नाहीत. टोल्यावरची सगळी माणसं उभी होती.

त्या म्हणाल्या, "तुमीच उचला. पयलेही तुमीच उचलला."

उन्हानं तो गरम झाला होता. मुठीत मावेल एवढा, एका बाजूला चपटा. त्या कहूच्या बुंध्याकडे बोट करत होत्या, म्हणून तिथे नेऊन ठेवला. अजून तिथेच आहे.

डोहावरचं समितीचं केंद्र सहा महिने बंद राहिलं आणि पुन्हा सुरू झालं. आता तिथे अकरा नियमांचा मोठा फलक आहे. नियम चांगले आहेत, त्यातले बरेचसे मीच सांगितले होते. जाकीट घाला, एकट्यानं उतरू नका, पक्ष्यांच्या वाळूवर जाऊ नका, कचरा करू नका. गोट्याचं नाव नाही. मी अर्ज केला होता. त्यावर उत्तर आलं की सूचना विचाराधीन आहे.

म्हणून मी जातो. हिवाळ्यात रोज. आलेल्यांना सांगतो की गोटा ठेवा. काही जण हसतात. काही जण फोटो काढतात आणि ठेवतात. कसेही ठेवोत. मी खडकाजवळ बसतो. पुस्तक नेत नाही, वर्तमानपत्र नेत नाही. कोणी बोलायला आलं तर त्याच्याकडे न बघता बोलतो. लोक मला तुसडा म्हणत असतील. उचलेपर्यंत गोटा आणि पाणी, पाणी आणि गोटा. नोकरीत इतकं लक्ष मी एकदाही दिलं नव्हतं.

फुलाबाई माझ्याशी बोलत नसत. डोहाच्या बाजूला फिरकतही नसत. टोल्यावरच्या बायका उथळ पाण्यात छोटं जाळं घेऊन झिंगे धरतात, त्यासाठी फुलाबाई लांब खालच्या वळणावर जायच्या. मला दुरून त्यांचं लुगडं ओळखू यायचं. मी ओळख दाखवली नाही. कोणत्या तोंडानं दाखवणार होतो?

गेल्या माघात एका सकाळी डोहावर कोणी नव्हतं. मी उगीचच बसलो होतो. मागून वाळूवर पावलं वाजली. फुलाबाई जाळं आणि टोपली घेऊन आल्या, माझ्यापुढून गेल्या, कहूच्या बुंध्याकडे एकदा पाहिलं. मग वाकून वाळूतला एक गोटा उचलला, निरखला, टाकला, दुसरा घेतला. तो आणून त्यांनी खडकावर ठेवला. माझ्या अगदी पुढ्यात, हात पोचेल एवढ्या अंतरावर.

"पट्टीबाबू," त्या म्हणाल्या, "उठू नोका."

त्या कमरेएवढ्या पाण्यात गेल्या. मुळांच्या बाजूला गेल्या. एकदा खाली वाकल्या तेव्हा फक्त पाठ दिसत होती आणि मी श्वास घेतला नाही. ऊन चढलं. माझा पाय बधिर झाला. रस्त्यावर एक गाडी थांबली, कोणीतरी हाक मारली, माझंच नाव घेऊन. मी मान वळवली नाही.

टोपली निम्मी भरल्यावर त्या बाहेर आल्या. लुगडं पिळलं. खडकावरचा गोटा उचलला आणि वाळूत लांब फेकला. मग टोल्याच्या वाटेला लागल्या.

तेव्हा मी उठलो.